पोचलं कोण? ओडिसियस, याकोब आणि मोशे यांच्या वाटा

ग्रीक महाकाव्यं आणि बायबल यांची थोडीफार ओळख झालेला वाचक एक प्रश्न हमखास विचारतो: या सगळ्या वीरांच्या गोष्टी शेवटी एकच नाहीत का? घर सुटतं, वाटेत संकटं येतात, देव कधी आडवा येतो तर कधी हात देतो, आणि वीर बदलून परत येतो. नावं आणि गावं तेवढी निराळी.

प्रश्न भाबडा नाही. अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ साली ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या पुस्तकात जवळपास हेच म्हटलं होतं. जगभरच्या वीरकथांत त्यांना तीन टप्पे दिसले: निघणं, कसोटी आणि परतणं. हा साचा ओडिसियसला नेमका बसतो. इस्राएल लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोशेला मात्र तो लावून पाहिला तर तिसरा टप्पा सापडतच नाही. मोशे परत येत नाही आणि जिथे जायचं तिथे पोचतही नाही. तरीही यहुदी परंपरेत त्याच्याहून मोठा माणूस नाही.

म्हणजे साचा कुठेतरी तोकडा पडतो. तो कुठे पडतो हे पाहण्यासाठी या प्रकरणात तीन साधे प्रश्न हाताशी ठेवू. वीर कुठे निघाला आहे? त्याला उशीर का होतो? आणि अखेर पोचतं कोण?

१. दोन ग्रंथ, एकच समुद्र

आधी ग्रंथांची ओळख. ‘ओडिसी’ हे होमरच्या नावावर असलेलं ग्रीक महाकाव्य. चोवीस सर्ग, बारा हजारांहून थोड्या जास्त ओळी. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस किंवा सातव्या शतकात त्याला आजचं रूप आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गायक या कथा तोंडी गात होते. ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं. ते संपल्यावर इथाका बेटाचा राजा ओडिसियस याला घरी पोचायला आणखी दहा वर्षं कशी लागली, हा ‘ओडिसी’चा विषय.

हिब्रू धर्मग्रंथ हे एक पुस्तक नाही, तो पुस्तकांचा संच आहे. यहुदी लोक त्याला तनाख म्हणतात; ख्रिस्ती लोकांचा ‘जुना करार’ मुळात तो हाच. त्यातल्या पहिल्या पाच पुस्तकांना तोरा म्हणतात. आपल्याला त्यातली उत्पत्ती, निर्गम, गणना आणि अनुवाद ही चार लागतील. शिवाय योना आणि रूथ ही दोन छोटी पुस्तकं. हे सारं अनेक हातांनी, अनेक शतकांत आकाराला आलं. ओडिसी छंदोबद्ध आहे. उत्पत्ती आणि निर्गम मुख्यतः गद्यात आहेत.

दोन्ही भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातल्या लोकांचे ग्रंथ. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं मानायचं कारण नाही, पण त्यांचं जग एकमेकांना लागून होतं. फिनिशियन लोकांचं सिदोन हे बंदर दोन्हींत येतं. ओडिसीत मेनेलॉस राजा ओडिसियसच्या मुलाला, टेलेमाकसला, चांदीचं पात्र भेट देतो, ते त्याला सिदोनच्या राजाकडून मिळालेलं असतं. बायबलमध्ये सोर आणि सिदोन ही नावं पुन्हापुन्हा भेटतात. ग्रीकांनी आपली लिपी फिनिशियनांकडून घेतली आणि प्राचीन हिब्रू लिपीही त्याच घराण्यातली.

रीतही एक सारखी आहे. दारात आलेला परका ही घरधन्याची परीक्षा. हिब्रू लोकांचा मूळपुरुष अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेला असताना तीन अनोळखी माणसं दिसतात. तो धावत जाऊन त्यांना थांबवतो, पाय धुवायला पाणी देतो, वासरू कापायला लावतो. ओडिसीत चांगला यजमान पाहुण्याला आधी जेवू घालतो आणि मग नाव विचारतो. एकडोळ्या राक्षस पॉलिफीमस याच्या उलट करतो. तो आधी चौकशी करतो, आणि मग पाहुण्यांनाच खातो.

इतकं सारखेपण लक्षात ठेवून आता फरकाकडे वळू.

२. घर मागे की पुढे?

महाकाव्याचा नायक असूनही ओडिसियस पहिल्या चार सर्गांत आपल्यासमोर येत नाही. पाचव्या सर्गात तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा समुद्राकाठी बसून रडत असतो. कॅलिप्सो या देवीच्या बेटावर त्याला सात वर्षं झाली आहेत. अन्न, निवारा, सहवास, सगळं आहे. कॅलिप्सो त्याला अमर करायला तयार आहे; अट एकच, त्याने तिथेच राहायचं. तो नाही म्हणतो. माझी बायको पेनेलोपी रूपात तुझ्यापुढे उणी आहे, ती मर्त्य आहे, तरी मला घरीच जायचंय, हे तो देवीला सरळ सांगतो.

अमरत्व नाकारून घर मागणारा हा माणूस नेमकं काय मागतो आहे, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. बायको, मुलगा, म्हातारा बाप, स्वतःच्या हातांनी बांधलेली शेज. त्याचं घर मागे आहे आणि वाट त्याच घराकडे वळणारी आहे.

आता अब्राहाम. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात परमेश्वर त्याला देश, नातलग आणि बापाचं घर सोडायला सांगतो. कुठे जायचं? मी दाखवीन त्या देशात. नाव नाही, अंतर नाही. त्या वेळी अब्राहाम ७५ वर्षांचा आहे, त्याला मूलबाळ नाही, आणि वचन मात्र त्याच्यापासून मोठं राष्ट्र होईल असं आहे. तो निघतो.

गणपतीला कोकणात निघालेला चाकरमानी आणि गावातलं घर विकून मुलाबाळांसह नव्या मुलखात निघालेलं कुटुंब एकाच एसटी स्टँडवर शेजारी बसलेलं असू शकतं. दोघांच्या हातात बोचकी आहेत, दोघं दमलेले आहेत. पण चाकरमान्याला अंगणातली विहीर कुठल्या कोपऱ्यात आहे हे माहीत असतं. त्याला वाटेत काही झालं तर घर तिथेच असतं. दुसऱ्या कुटुंबाजवळ फक्त कुणीतरी दिलेला शब्द असतो. ओडिसियस हा पहिल्या जातीचा प्रवासी, अब्राहाम दुसऱ्या.

गंमत म्हणजे नकाशावर दोघांच्या वाटा एकाच देशातून सुरू होतात. ट्रॉय म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं वायव्येचं हिसारलिक. अब्राहामाला साद आली ते हारान हे तुर्कस्तानच्याच आग्नेय भागात, सीरियाच्या सीमेजवळ आहे. एक पश्चिमेला आपल्या बेटाकडे गेला, दुसरा दक्षिणेला कनान देशाकडे.

अब्राहाम कनानात पोचतो, पण तिथे तो उपराच राहतो; तंबू उभारतो, उपटतो, पुढे जातो. त्याची बायको सारा वारते तेव्हा तिला पुरायलाही त्याच्याकडे जागा नसते. मग तो एफ्रोन नावाच्या हित्ती माणसाकडून मक्पेलाची गुहा आणि तिच्या भोवतीचं शेत विकत घेतो. किंमत ४०० शेकेल चांदी. वचन दिलेल्या देशात अब्राहामाने विकत घेतलेली एकमेव जमीन ही एक कबर आहे. देश मिळेल तो पुढच्यांना.

३. उशीर का होतो?

दोन्ही प्रवास खरं तर इतके लांबायला नको होते. ट्रॉयहून निघालेला म्हातारा नेस्टर सुखरूप घरी पोचला आणि राज्यही करू लागला. मोशेबरोबर इजिप्तहून कनानला निघालेल्या इस्राएल लोकांच्या, म्हणजे अब्राहामाच्या वंशजांच्या, बाबतीत तर अनुवाद या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हिशेब दिला आहे: होरेब डोंगरापासून कनानच्या दक्षिण सीमेजवळच्या कादेश-बर्ण्यापर्यंत वाट अकरा दिवसांची. अरण्यातली भटकंती मात्र ४० वर्षांची झाली.

ओडिसियसच्या उशिराचं कारण वैयक्तिक आहे. पॉलिफीमसच्या गुहेत तो आपलं नाव लपवतो, राक्षसाला आंधळं करतो आणि निसटतो. जहाज किनाऱ्यापासून दूर जातं तेव्हा त्याला राहवत नाही. सोबती हातापाया पडत असताना तो ओरडून सांगतो की हे करणारा मी, लेअर्टिसचा मुलगा, इथाकाचा ओडिसियस. कीर्तीवर जगणाऱ्या समाजात पराक्रमाला नाव चिकटलं नाही तर तो पराक्रमच नव्हे. पण नाव कळताच पॉलिफीमसला शाप नेमका कुणाला द्यायचा ते कळतं. तो आपल्या बापाला, म्हणजे समुद्राचा देव पोसायडनला विनवतो: हा घरी पोचलाच तर उशिरा पोचो, एकटा पोचो, परक्याच्या जहाजातून पोचो आणि घरी त्याला संकट भेटो. पुढे हे शब्द अक्षरशः खरे होतात.

इस्राएल लोकांच्या उशिराचं कारण सामूहिक आहे. मोशे कनानात बारा हेर पाठवतो. चाळीस दिवसांनी ते परततात. जमीन उत्तम आहे, पण तिथली माणसं राक्षसासारखी आहेत, त्यांच्यापुढे आपण टोळ, असं दहा जण सांगतात. लोक रात्रभर रडतात आणि मिसरला, म्हणजे इजिप्तला, परत जायची भाषा करतात. शिक्षा ठरते ती त्या हिशेबाने: एका दिवसाला एक वर्ष, म्हणजे ४० वर्षं. मिसरमधून निघालेले वीस वर्षांवरचे सगळे अरण्यातच मरतील. अपवाद दोनच, धीर न सोडणारे यहोशवा आणि कालेब.

ग्रीक कथेत एका माणसाच्या अभिमानावर एका देवाचा राग जडतो. हिब्रू कथेत गुलामीत वाढलेली पिढी स्वातंत्र्याला तयार नसते, म्हणून ती पिढी संपेपर्यंत थांबावं लागतं. पहिल्या उशिराचं माप एका माणसाचं आयुष्य आहे, दुसऱ्याचं एक पिढी.

४. दोन चतुर, दोन आंधळे

चतुराईच्या बाबतीत ओडिसियसच्या तोडीचा माणूस हिब्रू ग्रंथात शोधायचा तर तो अब्राहामाचा नातू याकोब. या दोघांच्या गोष्टीत एक प्रसंग आश्चर्य वाटावं इतका जवळचा आहे.

याकोबाचा बाप इसहाक म्हातारपणी आंधळा झालेला आहे. त्याला थोरल्या मुलाला, एसावाला, आशीर्वाद द्यायचा आहे. एसावाच्या अंगावर दाट केस. आई रिबका धाकट्या याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधते. इसहाक चाचपतो, आवाजाने बुचकळ्यात पडतो, पण हातांना केस लागतात आणि आशीर्वाद याकोबाला मिळतो.

पॉलिफीमसच्या गुहेत हेच दुसऱ्या रूपात घडतं. डोळा फुटलेला राक्षस दारात बसून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मेंढ्याची पाठ चाचपतो. ओडिसियस सर्वांत मोठ्या एडक्याच्या पोटाखाली लोकर धरून लोंबकळत असतो. पाठ हाताला लागते, माणूस निसटतो.

दोन्हींकडे आंधळा माणूस, जनावराची लोकर किंवा कातडी, चाचपणारा हात आणि सुटलेला चतुर. फरक पुढे सुरू होतो.

ग्रीक कथा ही चतुराई साजरी करते. तेराव्या सर्गात ओडिसियस इथाकाला उतरतो, तिथे अथीना देवी तरुण मेंढपाळाच्या वेषात भेटते. तो तिलाही थाप मारतो, आपण क्रीटहून पळून आलेलो आहोत म्हणून. देवी रागावत नाही. ती हसते, त्याला थोपटते आणि कौतुक करते. माणसांत तू चतुर, देवांत मी, अशी ती दोघांची जोडी लावते.

हिब्रू कथा याकोबाला सोडत नाही. भावाच्या भीतीने पळून तो हारानला मामाकडे, लाबानाकडे जातो. राहेल आवडते, तिच्यासाठी सात वर्षं राबतो, आणि लग्नाच्या रात्री मामा अंधारात थोरली लेआ पुढे करतो. थोरल्याच्या जागी धाकटा उभा करणाऱ्याला धाकटीच्या जागी थोरली मिळते. राहेलसाठी आणखी सात वर्षं, मग कळपांसाठी सहा. वीस वर्षं पूर्ण. ओडिसियसही घरापासून वीस वर्षंच दूर होता. पुढे याकोब म्हातारा झाल्यावर त्याची मुलं लाडक्या योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे टाकतात, आणि तो योसेफ मेला असं मानून आक्रोश करतो. बापाला करडाच्या कातड्याने फसवणारा माणूस स्वतः बकऱ्याच्या रक्ताने फसतो. निवेदक एका शब्दानेही उपदेश करत नाही. घटना पुढे मांडतो आणि गप्प राहतो.

५. अंगावरची खूण

दोघांच्या शरीरावर प्रवासाची साक्ष आहे. ओडिसियसच्या मांडीवर गुडघ्याच्या वर जुना व्रण आहे. तरुणपणी पार्नासस डोंगरावर शिकारीत रानडुकराने मारलेला सुळा. भिकाऱ्याच्या वेषात तो स्वतःच्या घरात शिरतो. म्हातारी दाई युरिक्लिआ त्याचे पाय धुताना व्रण हाताला लागतो आणि ती ओळखते. व्रण सांगतो की हा तोच आहे. वीस वर्षांत आतला माणूस बदललेला नाही.

याकोबाची खूण उलटं सांगते. घरी परतताना यब्बोक नदीकाठी तो रात्री एकटा राहतो. कुणी एक पुरुष त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजतो, आणि त्यात याकोबाची जांघ सरकते. आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणून याकोब त्याला धरून ठेवतो. तेव्हा तो याकोबाला नाव विचारतो आणि ते बदलून इस्राएल हे नवं नाव देतो. उजाडतं तेव्हा याकोब लंगडत चाललेला असतो. हा तोच राहिलेला नाही, असं ही खूण सांगते. त्या एका माणसाचं नाव पुढे सबंध लोकांचं नाव होतं.

ओडिसियसच्या व्रणावर एक गाजलेलं लेखन आहे. जर्मन यहुदी अभ्यासक एरिक आउअरबाख यांना नाझींनी विद्यापीठातून काढलं; ते इस्तंबूलला गेले आणि तिथे महायुद्धाच्या काळात त्यांनी ‘मिमेसिस’ हा ग्रंथ लिहिला. १९४६ साली तो स्वित्झर्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी दाईच्या प्रसंगाशेजारी उत्पत्तीचा बाविसावा अध्याय ठेवला. त्यात परमेश्वर अब्राहामाला मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला सांगतो.

आउअरबाखांचं निरीक्षण असं. होमर काहीही अंधारात ठेवत नाही. दाईच्या हाताला व्रण लागताच तो कथा थांबवून सत्तरेक ओळी शिकारीची हकिकत सांगतो: कोण होते, कुठे गेले, डुक्कर कसं उठलं. उत्पत्तीत मात्र तीन दिवसांची वाट एका वाक्यात संपते. अब्राहामाला काय वाटलं ते नाही, वाट कशी होती ते नाही. लाकडं, विस्तव आणि सुरी तेवढी दिसते, आणि बळीचं कोकरू कुठे आहे, हा मुलाचा एक प्रश्न ऐकू येतो. ऐन क्षणी बळी थांबवला जातो. होमर ऐकताना आपण पाहत राहतो. उत्पत्ती वाचताना न सांगितलेलं आपल्यालाच भरून काढावं लागतं.

६. दोन वादळं

वीराबरोबर निघालेल्या माणसांचं काय होतं? एक छोटा पडताळा घेऊ.

ओडिसियस बारा जहाजं घेऊन ट्रॉयहून निघतो. लेस्ट्रिगोनियन नावाचे नरभक्षक अकरा जहाजं फोडतात. उरलेल्या एका जहाजातल्या सहा जणांना सहा डोक्यांची स्किला उचलून नेते. शेवटी उपाशी सोबती सूर्यदेवाची गुरं मारून खातात आणि झ्यूस वादळात जहाज फोडतो. गुरं न खाणारा एकटा ओडिसियस वाचतो. काव्याच्या आरंभीच कवी बजावतो की सोबती स्वतःच्या मूर्खपणाने मेले, नायकाने त्यांना वाचवायची पराकाष्ठा केली होती. तरी आकडा बदलत नाही. बारा जहाजांतून एक माणूस घरी पोचतो.

आता योना. परमेश्वर त्याला निनवे शहरात जाऊन इशारा द्यायला सांगतो. तो याफो बंदरातून उलट दिशेचं, तार्शीशला जाणारं गलबत पकडतो. वादळ उठतं. खलाशी चिठ्ठ्या टाकतात, योनाचं नाव निघतं. मला समुद्रात टाका म्हणजे तुम्ही वाचाल, असं योना सांगतो. ते परके, दुसऱ्या देवांना मानणारे खलाशी आधी वल्ही मारून किनारा गाठायचा जीव तोडून प्रयत्न करतात, त्याला टाकायला धजत नाहीत. अखेर टाकतात आणि समुद्र शांत होतो. गलबतावरचा एकही माणूस मरत नाही. योनालाही मासा गिळतो आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकतो.

एका वादळात सगळे बुडतात आणि नायक वाचतो. दुसऱ्यात नायक पाण्यात जातो आणि सगळे वाचतात. एवढ्यावरून ग्रीक कवी निर्दय ठरत नाही; पॉलिफीमसने खाल्लेल्या सोबत्यांसाठी काव्यात अश्रू आहेत. पण त्याच्या कथेला एक माणूस जिवंत असणं पुरतं. हिब्रू कथेला ते पुरत नाही.

७. उंबरठ्यावर

आता तिसरा प्रश्न. पोचतं कोण?

ओडिसियस पोचतो. घरात पेनेलोपीला मागणी घालणारे १०८ जण त्याचं धान्य आणि गुरं फस्त करत बसलेले असतात. तो धनुष्याला प्रत्यंचा चढवतो, मुलाच्या आणि दोन गुराख्यांच्या मदतीने सगळ्यांना मारतो, आणि त्यांना सामील झालेल्या बारा दासींना फास दिला जातो. घर परत मिळवायचं म्हणजे ते रक्ताने धुवायचं.

याकोबही घरी परततो आणि त्याच्याही समोर हिशेब चुकता करायला कुणीतरी उभं आहे. एसाव चारशे माणसं घेऊन येतो आहे. लंगडा याकोब सात वेळा जमिनीपर्यंत वाकत पुढे जातो. एसाव धावत येतो, मिठी मारतो आणि दोघे रडतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने धावून मिठी मारली, ही या परतण्याची कसोटी.

आणि मोशे. फारोच्या महालात वाढलेला, मिद्यानात परागंदा झालेला, बोलताना अडखळणारा माणूस. ओडिसियसची सारी शक्ती जिभेवर. मोशेला आपल्याऐवजी बोलायला भाऊ अहरोन लागतो. चाळीस वर्षं तो लोकांना सांभाळतो. गणनाच्या विसाव्या अध्यायात पाण्यासाठी लोक कुरकुरतात, परमेश्वर खडकाशी बोलायला सांगतो, आणि वैतागलेला मोशे काठीने खडकावर दोनदा मारतो. पाणी येतं, पण मोशेचा कनानात जाण्याचा हक्क जातो.

अनुवादाच्या शेवटच्या अध्यायात तो नबो डोंगरावर चढतो. हा डोंगर आजच्या जॉर्डनमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. परमेश्वर त्याला सगळा देश दाखवतो आणि सांगतो की तू डोळ्यांनी पाहिलास, पण पलीकडे जाणार नाहीस. मोशे १२० व्या वर्षी तिथेच मरतो. त्याची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, असं ग्रंथच सांगतो. मग यहोशवा लोकांना यार्देन नदीपार नेतो.

म्हणजे एका कथेत नायक पोचतो आणि त्याची माणसं पोचत नाहीत. दुसऱ्या कथेत माणसं पोचतात आणि नायक पोचत नाही. कॅम्बेल यांचा साचा इथेच तोकडा पडतो, कारण तो एका माणसाच्या मापाचा आहे.

८. नियम न पाळणाऱ्या गोष्टी

ग्रीक वाट घराकडे आणि हिब्रू वाट घरापासून, असं सरसकट सूत्र मात्र करू नये. दोन्ही ग्रंथ त्याला चकवतात.

ओडिसियसचा प्रवास घरी संपत नाही. पाताळात टायरेसियस या द्रष्ट्याने त्याला सांगितलेलं असतं: खांद्यावर वल्हं घेऊन समुद्रापासून इतका आत जा, की कुणी वाटसरू त्या वल्ह्याला धान्य उफणायचं फावडं समजेल. तिथे ते वल्हं रोव आणि पोसायडनला बळी दे. वीस वर्षांनी भेटलेल्या बायकोला तो पहिल्याच रात्री हे सांगतो. पुन्हा निघायचं आहेच.

उलट याकोब मिसरमध्ये मरतो, पण मुलांकडून वचन घेतो की मला मक्पेलाच्या गुहेतच पुरा. त्याचा देह मोठ्या लवाजम्यानिशी परत नेला जातो. हिब्रू माणसालाही मागच्या मातीची ओढ आहे.

बायकांच्या गोष्टी पाहिल्या तर हे आणखी उलटंपालटं होतं. पेनेलोपी घराबाहेर पडत नाही, तरी प्रवासाची शेवटची परीक्षा तीच घेते. शेज बाहेर हलवा, असं ती सहज म्हणते. ओडिसियस भडकतो, कारण ती शेज त्याने मुळं जमिनीत असलेल्या ऑलिव्हच्या खोडातून घडवलेली असते. ती हलूच शकत नाही. हे गुपित दोघांचं आणि एका दासीचंच. तेव्हा कुठे पेनेलोपी नवऱ्याला ओळखते. रूथ मात्र निघते. ही मवाबी विधवा सासू नामीबरोबर माहेर आणि देश सोडून बेथलेहेमला येते. अब्राहामासारखीच अनोळखी मुलखात, पण तिला कुठल्याही देवाने हाक मारलेली नाही, कसलं वचनही दिलेलं नाही. तिचा पणतू म्हणजे दावीद राजा.

९. गोष्ट सांगायची कशी

या कथा पुढे कशा टिकल्या, यातही तोच फरक दिसतो. ओडिसी दरबारात आणि उत्सवात गायली गेली. एका थोर माणसाची हकिकत इतरांनी ऐकायची. पुढे अलेक्झांड्रियातल्या विद्वानांनी तिच्या हस्तलिखितांची तुलना करून पाठ शुद्ध केले. त्याच शहरात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, तोराचं ग्रीक भाषांतर झालं. दोन परंपरा शेजारी येऊन बसल्या त्या तिथे.

मिसरमधून सुटकेची गोष्ट मात्र घराघरांत, त्या सुटकेच्या सणाच्या म्हणजे वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या पंगतीत सांगायची असते. मुलांनी प्रश्न विचारायचे, मोठ्यांनी उत्तरं द्यायची. प्रत्येक पिढीतल्या प्रत्येकाने आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो असं मानायचं, हा त्या रात्रीचा नियम. ऐकणारा तिथे श्रोता राहत नाही, तो प्रवाशांच्या यादीत येतो.

ही गोष्ट मराठीतही सांगितली गेली आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची मातृभाषा मराठी. त्या रात्रीच्या पाठाचं पुस्तक, हग्गादा, मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापलं गेलं. पुण्याच्या प्रतीत चित्रंही आहेत. म्हणजे मोशेची वाट मराठीत बोलली गेली ती कुणा पंडिताच्या टेबलावर नव्हे, घरच्या पंगतीत.

दोन वाटांत थोर कोणती, हे ठरवायची गरज नाही. माणसाला दोन्ही भुका असतात. आपण जसे होतो तसंच परत आपल्या माणसांत आपल्याला ओळखलं जावं, ही एक. आणि आपण न पाहिलेला दिवस आपल्या मुलांनी पाहावा, ही दुसरी. पहिली ओडिसीने सांगितली, दुसरी तोराने.

आता मूळ ग्रंथच उघडा. उत्पत्तीचे २७ ते ३३ अध्याय आणि ओडिसीचे नववा, तेरावा व एकोणिसावा सर्ग, एवढं एका रविवारी आरामात वाचून होतं. आधी याकोब वाचा, लगेच ओडिसियस वाचा, आणि प्रत्येक प्रसंगी बरोबरच्या माणसांचं काय झालं तेवढं समासात लिहीत जा. दोन याद्या तयार झाल्या की या प्रकरणातलं काय पटतं आणि काय नाही, ते तुमचं तुम्हीच ठरवू शकाल.